धातूंच्या रसात मुरलेला वायू

मानवी इतिहासाचे कालखंड आपण धातूंच्या नावांनी ओळखतो. ताम्रयुग, कांस्ययुग, लोहयुग ही परंपरा शाळेच्या पहिल्या इतिहास-पुस्तकापासून आपल्या तोंडी बसलेली आहे. आणि वर्गात ती शिकविताना धातू म्हणजे घट्ट, ठाम, आतबाहेर एकच असणारी वस्तू, असा ठसा आपण नकळत मुलांच्या मनावर उमटवीत असतो. परंतु ज्याने मुशीपुढे उभे राहून वितळलेला धातू एकवार तरी पाहिला असेल, त्याला हा ठसा फारसा खरा वाटणार नाही. धातूचा रस सभोवतालची हवा आत घेतो आणि थिजताना ती बाहेर टाकतो. तो श्वासोच्छ्वास करतो असे म्हटले तर त्यात केवळ अलंकार नाही. या श्वासोच्छ्वासाचा शोध माणसाला कसा लागला, त्यापायी कोणी कोणी नुकसान सोसले, आणि त्याचा हिशेब शेवटी कोणत्या नियमात बसला, ही कथा इतिहासाच्या शिक्षकालाही सांगण्याजोगी आहे असे वाटल्यावरून प्रस्तुत लेख लिहिण्यास धजलो. मी रसायनशास्त्राचा पदवीधर नाही. तथापि ज्या गावात राहतो त्या बेळगावात ओतशाळांचा धूर कधी फार दूर नसतो, आणि माझे कित्येक विद्यार्थी उद्यमबागेतील भट्ट्यांवर कामास गेलेले आहेत. या विषयाची गोडी मला त्यांनीच लावली.

साखर पाण्यात विरघळते हे बालवर्गातील मूलही जाणते. वायूही पाण्यात विरघळतो, हे सोड्याची बाटली फोडणाऱ्याला ठाऊक असते. बाटलीतील पाण्यावर जितका दाब अधिक तितका वायू अधिक मुरतो, आणि दाब दुप्पट केला की मुरलेल्या वायूचे प्रमाणही दुप्पट होते, हा नियम मँचेस्टरचे विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडला. बाटली उघडली की दाब उतरतो आणि पाणी फसफसते. धातूच्या रसातही वायू याच अर्थाने विरघळतो. म्हणजे तो बुडबुड्यांच्या रूपाने आत अडकलेला नसतो, तर धातूच्या कणांत कण मिसळून दिसेनासा झालेला असतो. रस तळपत असतो तोवर त्याच्याकडे पाहून आत काय मुरले आहे याचा काहीही सुगावा लागत नाही. मात्र रस थिजू लागला की घन धातूला तेवढा वायू धरून ठेवता येत नाही. मग तो बाहेर पडू पाहतो. वाट मिळाली तर उसळून जातो, न मिळाली तर आतच पोकळ्या करून बसतो. सारा घोटाळा या थिजण्याच्या क्षणी आहे.

हा प्रकार माणसाने प्रथम पाहिला तो चांदीत. शुद्ध चांदी वितळवून उघड्यावर थंड होऊ दिली तर तिच्या पृष्ठावर साय धरते, आणि मग ती साय फोडून आतला रस एकाएकी उसळतो. लहान लहान शिखरे आणि फांद्या उभ्या राहतात, कधी थेंब मुशीबाहेरही उडतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुवर्णाध्यक्षाच्या प्रकरणी शुद्ध रुप्याची लक्षणे सांगताना दह्यासारखा वर्ण आणि तेज यांच्या जोडीला पृष्ठावर वर आलेल्या ‘चूलिकां’चा, म्हणजे शेंड्यांचा, उल्लेख आलेला आहे. हा शब्द वाचताना उसळलेल्या चांदीची ती शिखरेच डोळ्यांपुढे उभी राहतात. टीकाकारांनी त्याचा अर्थ कसाही लावो, मला तरी तो एखाद्या पंडिताने कल्पिलेला वाटत नाही. मुशीजवळ बसून डोळे भाजून घेतलेल्या कोणा पारख्याचा तो शब्द असावा. आणि तो शुद्धतेच्या लक्षणांत यावा हेही रास्तच आहे. चांदीत तांबे किंवा शिसे राहिले असेल तर ते आत आलेला प्राणवायू आपल्याकडे ओढून घेऊन त्याचे भस्म करते. उसळण्यास वायू मोकळा उरतच नाही. उसळते ती चांदी शुद्ध, ही खूण युरोपातील कसोटीकारांनाही माहीत होती.

खूण माहीत असली तरी कारण माहीत नव्हते. ते कळण्यासाठी प्रथम प्राणवायू हा स्वतंत्र पदार्थ आहे हे कळावे लागले, आणि ते अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रीस्टली, शील व लाव्हाझिये यांच्या हातून घडले. त्यानंतर शेफील्डचे सॅम्युएल ल्यूकस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दाखविले की, द्रव चांदी हवेतील प्राणवायू शोषून घेते आणि थिजताना तोच परत सोडते. १८३० मध्ये पॅरिसच्या गे-ल्युसाक यांनी या प्रश्नाला पुन्हा हात घातला. द्रव चांदी आपल्या आकारमानाच्या सुमारे वीस पट प्राणवायू पोटात घेऊ शकते, हे त्या काळच्या मापनांतून निघाले. गे-ल्युसाक हे नुकतेच तेथील टाकसाळीचे मुख्य कसोटीकार झालेले होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. हाडांच्या राखेच्या वाटीत चांदी तापवून तिचा कस काढण्याची जुनी पद्धत किंचित कमी आकडा दाखवते आणि त्यात राज्याचे नुकसान होते, म्हणून मिठाच्या द्रावणाने कस काढण्याची नवी पद्धत त्यांनी १८३२ मध्ये प्रसिद्ध केली. ज्या टाकसाळीत एकेका गुंजेचा हिशेब ठेवावा लागे, तेथे उसळून उडालेला थेंब हा निसर्गातील गंमतीचा विषय नव्हता. तो तुटीचा विषय होता. शुद्ध जिज्ञासेने शोध लागतात असे आपण मुलांना सांगतो खरे. परंतु पुष्कळ वेळा जिज्ञासेच्या पाठीशी खतावणी उभी असते.

योगायोग असा की, या कथेतील पुढचे मोठे नावही टाकसाळीचेच आहे. ग्लासगोचे थॉमस ग्रॅहॅम हे १८५५ पासून १८६९ मध्ये मृत्यू येईपर्यंत लंडनच्या टाकसाळीचे प्रमुख होते. न्यूटन यांनी भूषविलेले ते पद. हायड्रोजन वायू तापलेल्या प्लॅटिनममधून आणि लोखंडातून आरपार जातो, हे फ्रान्समध्ये देव्हिल व त्रूस्त यांनी १८६३-६४ च्या सुमारास दाखविलेच होते. ग्रॅहॅम यांनी पॅलेडियम हा धातू घेतला आणि तो आपल्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन शोषून घेतो हे सिद्ध केले. या शोषणाला त्यांनी एक स्वतंत्र नावही दिले. पुढे तर हायड्रोजन हा मुळात एखाद्या धातूच्या वाफेसारखा असला पाहिजे, या कल्पनेने त्यांना इतके पछाडले की पॅलेडियम-हायड्रोजनाची लहान पदके त्यांनी पाडवून घेतली. कल्पना टिकली नाही. परंतु १८६७ मध्ये त्यांनी केलेला एक प्रयोग मला अतिशय रम्य वाटतो. हंगेरीत लेनार्तो येथे सापडलेल्या उल्केच्या लोखंडाचा एक तुकडा त्यांनी निर्वातात तापविला; त्यातून त्या तुकड्याच्या जवळजवळ तिप्पट आकारमानाचा वायू निघाला, आणि त्यातला बहुतेक भाग हायड्रोजनाचा होता. हे लोखंड ज्या वातावरणात कधी तापले असेल तेथला वायू ते जणू सोबत घेऊन आले आहे, असा तर्क ग्रॅहॅम यांनी केला. या तर्काचे पुढे काय झाले ते खगोलशास्त्रज्ञांनी पाहावे; धातू आपल्या भूतकाळातील हवा पोटात जपून ठेवतो हा विचार इतिहासाच्या माणसाला भावतो एवढेच सांगतो.

एकीकडे प्रयोगशाळेत हे चालले असता बाहेर लोखंडाच्या जगात उलथापालथ चालली होती. १८५६ च्या ऑगस्टमध्ये चेल्टनहॅम येथे ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत हेन्री बेसेमर यांनी एक निबंध वाचला. वितळलेल्या बिडाच्या रसातून नुसती हवा फुंकली की आतला कर्ब जळून जातो, त्याच्याच उष्णतेने रस तापत राहतो, आणि जळणावाचून लोखंड वा पोलाद तयार होते, असे त्यांचे म्हणणे होते. निबंधाने खळबळ उडाली. काही आठवड्यांतच निरनिराळ्या कारखानदारांनी या पद्धतीच्या हक्कांसाठी सत्तावीस हजार पौंड मोजले. आणि मग ज्याने त्याने आपापल्या भट्टीत प्रयोग केला तेव्हा हाती आले ते ठिसूळ, भेगाळलेले, आत पोकळ्यांनी पोखरलेले लोखंड. बेसेमर यांच्यावर टीकेचा वर्षाव झाला.

दोष दोन होते. एक, बेसेमर यांच्या प्रयोगातील बिडात स्फुरद नगण्य होता आणि इतरांच्या बिडात तो भरपूर होता. फुंकलेल्या हवेने तो जात नसे. दुसरा दोष आपल्या विषयाचा आहे. हवा फुंकताना कर्ब जळे हे खरे, परंतु अखेरीस रसात प्राणवायूही मुरून राही. साच्यात ओतल्यावर रस थिजू लागला की हा प्राणवायू उरल्यासुरल्या कर्बाशी संयोग पावे, कर्बाचा वायू तयार होई, आणि रस साच्यात दुधासारखा उतू जाई. शिवाय तापवून ठोकताना असे लोखंड लाल अवस्थेतच फाटे. यावर उतारा सापडला तो रॉबर्ट मशेट यांना. मँगनीज असलेले एक विशिष्ट बीड शेवटी रसात टाकले की मँगनीज प्राणवायूला आपल्याकडे ओढून घेते आणि मळीत जाऊन बसते. चांदीतले तांबे जे नकळत करीत होते, तेच मशेट यांनी हेतुपूर्वक करविले. बेसेमर यांचे नाव जगभर झाले, पैसाही अमाप मिळाला. मशेट यांच्या एकस्वाची मुदतीची रक्कम वेळेवर भरली न गेल्याने त्यांचा हक्क बुडाला. पुढे बेसेमर यांनी त्यांना वर्षासन दिले. ते त्यांनी उपकार म्हणून दिले की देणे म्हणून, याचा निवाडा वाचकांनी करावा. मला ते देणेच वाटते.

मँगनीज, मग सिलिकॉन, मग ॲल्युमिनियम यांच्या योगाने ‘शांत’ झालेले पोलाद साच्यात उसळेनासे झाले. तरीही पोकळ्या पूर्णपणे गेल्या नाहीत. व्हिटवर्थ यांनी द्रव पोलादावर यंत्राने प्रचंड दाब देऊन त्या मिटविण्याचा प्रयत्न केला. पण त्या पोकळ्यांत आहे तरी काय? सर्वांचा समज असा की कर्बाचा वायूच असणार. ब्रँडेनबर्गच्या एफ. सी. जी. म्यूलर यांनी १८७९ च्या सुमारास एक साधी युक्ती केली. पोलादाचा ठोकळा पाण्याखाली धरून त्यांनी त्यात छिद्र पाडले आणि बाहेर आलेले बुडबुडे नळीत धरून तपासले. त्यांत कर्बाचा वायू जवळजवळ नव्हताच. बहुतांश हायड्रोजन आणि बाकीचा नत्रवायू. हायड्रोजन आला कोठून? हवेतील दमटपणातून, ओल्या विटांतून, गंजलेल्या मोडीतून; गंजात पाणी बांधलेले असते आणि तापलेले लोखंड पाण्यातील प्राणवायू हिरावून घेऊन हायड्रोजनाला मोकळा करते. हे म्यूलर शाळेत शिकवीत असत आणि पदार्थविज्ञान कसे शिकवावे यावर त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिला आहे, हे येथे नमूद करण्याचा मोह एका शाळामास्तराला आवरत नाही.

हायड्रोजनाचा दुसरा गुण, किंबहुना अवगुण, त्यापूर्वीच उघड झाला होता. १८७५ मध्ये डब्ल्यू. एच. जॉन्सन यांनी रॉयल सोसायटीपुढे सांगितले की, लोखंडाची तार काही मिनिटे आम्लात बुडवून काढली तर ती ठिसूळ होते, आणि तशीच ठेवून दिली तर काही काळाने पुन्हा पूर्ववत चिवट होते. ताजी मोडलेली तार ओली केली तर मोडलेल्या तोंडावर फेस येतो. म्हणजे घन, थंड लोखंडातही हायड्रोजन शिरतो, फिरतो आणि निघूनही जातो. तो आत असेपर्यंत लोखंड आपला मूळ स्वभाव विसरते.

इतके सारे सुटे सुटे ज्ञान झाले, परंतु त्याला माप नव्हते. कोणत्या धातूत, किती उष्णतेला, किती दाबाखाली, कोणता वायू किती मुरतो हे पद्धतशीर मोजण्याचे काम आडोल्फ झीव्हर्ट्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने केले. झीव्हर्ट्स यांचा जन्म १८७४ चा, मृत्यू १९४७ चा. लाइपझिग येथे १९०७ ते १९११ या काळात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तांबे, लोखंड, निकेल, चांदी आणि त्यांचे मिश्रधातू घेऊन प्रयोगांमागून प्रयोग केले. पद्धत सांगायला सोपी, करायला जिकिरीची. बंद नळीत धातू ठेवायचा, आतली हवा काढून घ्यायची, ठराविक उष्णतेपर्यंत तापवायचा, मापून वायू सोडायचा, आणि नळीची पोकळी भरून जितका वायू ‘नाहीसा’ झाला तितका धातूत मुरला असे समजायचे. या मोजणीतून जे चित्र उभे राहिले त्यात मोठी शिस्त होती. हायड्रोजन तांबे, लोखंड आणि निकेल या तिन्हींत विरघळतो. नत्रवायू लोखंडात विरघळतो, तांब्यात नाही. हेलियम, अर्गॉन यांसारखे उदासीन वायू कोणत्याच धातूत मुरत नाहीत. बहुतेक धातूंत उष्णता वाढविली की वायू अधिक मुरतो, म्हणजे पाण्याच्या अगदी उलट. चांदीतला प्राणवायू मात्र पाण्यासारखाच वागतो, रस जितका तापवावा तितका कमी मुरतो.

आणि दाबाचा नियम हेन्री यांचा नव्हता. दाब चौपट केला तर मुरलेला वायू चौपट न होता दुप्पट होतो. शंभर पट केला तर दहा पट. म्हणजे प्रमाण दाबाचे नसून दाबाच्या वर्गमुळाचे. याचा अर्थ गणिताच्या वर्गात समजाविता येण्याजोगा आहे. पाण्यात मुरताना वायूचा रेणू अखंड राहतो. धातूत शिरताना मात्र हायड्रोजनाच्या जोडअणूंची फारकत होते आणि एकेक अणू सुटा होऊन आत जातो. एका रेणूचे दोन अणू होतात म्हणून गणितात वर्गमूळ येते. नुसत्या दाबाच्या आकड्यांवरून, डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या अणूंची धातूच्या आतली स्थिती माणसाला कळली. सूर्यमाला मोजणाऱ्यांचे आपण कौतुक करतो; हेही तितकेच कौतुकास्पद आहे. आज धातुशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात हा नियम झीव्हर्ट्स यांच्या नावाने दिलेला असतो.

हा नियम दुधारी आहे. समजा, भट्टीवरच्या हवेत हायड्रोजन शेकडा एकच भाग आहे. तर रसात तो पूर्ण प्रमाणाच्या शंभरावा भाग न मुरता दहावा भाग मुरेल. थोडीशी ओल म्हणूनच फार मोठा घात करते. उलट, रसातून हायड्रोजन काढायचा तर दाब अतिशय खाली न्यावा लागतो. सोळाशे अंश सेल्सियसला लोखंडाच्या रसात, वर शुद्ध हायड्रोजनाचा एक वातावरण दाब असता, दहा लाख भागांत सुमारे पंचवीस भाग हायड्रोजन मुरतो. आकडा क्षुल्लक वाटेल. पण एक टन रसात तो पंचवीस ग्रॅम होतो, आणि वायुरूपात सुमारे २८० लिटर. तोच हायड्रोजन दहा लाखांत दोन भागांवर आणायचा तर दाब वातावरणाच्या दीडशेव्या भागाहून थोडा खाली, म्हणजे पाऱ्याच्या सुमारे पाच मिलिमीटरवर न्यावा लागेल.

मिश्रधातूंच्या बाबतीत झीव्हर्ट्स आणि क्रुमभार यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध विशेष महत्त्वाचा. तांब्यात निकेल मिसळले तर रस अधिक हायड्रोजन घेतो. कथील किंवा ॲल्युमिनियम मिसळले तर कमी घेतो. मिश्रधातू हा घटकांची नुसती बेरीज नसतो, हे यातून पुन्हा दिसले. काशाला, म्हणजे तांबे-कथिलाच्या मिश्रणाला, त्यामुळे थोडे अभय मिळते खरे, पण थोडेच. याचा अनुभव मला स्वतःला आला. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची जुनी काशाची घंटा चिरली, ती मोडून नवी ओतून घेण्याचे ठरले, आणि काम पडले ऐन आषाढात. नवी घंटा दिसायला देखणी झाली. पण ठोका दिला की नाद न उठता पत्र्याच्या डब्यासारखा बद्द आवाज येई. ओतणाऱ्याने मोगरीला दोष दिला, मग टांगण्याच्या साखळीला. शेवटी कड कापून पाहिली तेव्हा आत टाचणीच्या अग्राएवढी असंख्य छिद्रे निघाली. माझा एक माजी विद्यार्थी म्हणाला, “सर, ओली माती, दमट कोळसा आणि भट्टीत तास-तास तापत ठेवलेला रस, दुसरे काय होणार?” द्रव तांब्यात हायड्रोजन आणि प्राणवायू दोन्ही मुरलेले असले तर थिजताना त्यांची वाफ होते आणि ती वाफ अशी छिद्रे पाडते, हे त्याने मला तेथेच उभ्या उभ्या समजावून दिले. घंटा पुन्हा ओतली ती पुढच्या वैशाखात.

शाळेच्या घंटेचा नाद बिघडला तर कोणाचे प्राण जात नाहीत. रेल्वेच्या रुळांची गोष्ट वेगळी. २५ ऑगस्ट १९११ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील मँचेस्टर या गावाजवळ लीहाय व्हॅली रेल्वेची एक गाडी पुलावरून जात असता रूळ तुटून घसरली. एकोणतीस माणसे मृत्युमुखी पडली. गाडीत यादवी युद्धातील वृद्ध सैनिक होते. रॉचेस्टर येथील मेळाव्याहून ते परतत होते. लढाईतून वाचलेली ही माणसे आपल्याच देशाच्या एका रुळाने मारली. तुटलेल्या रुळाचे तुकडे जेम्स हॉवर्ड यांनी तपासले, तेव्हा रुळाच्या माथ्याच्या आत, बाहेरून मुळीच न दिसणारी, आडवी, गोलाकार, गुळगुळीत चमकणारी भेग त्यांना आढळली. ती आतल्या एका बिंदूपासून वाढत वाढत बाहेर आलेली होती.

पुढची वीस वर्षे या भेगेवरून वाद चालला. रूळ करणारे म्हणत की रेल्वेवाले गाड्या जड करीत चालले आहेत, चाकांचा भार रुळांना सोसत नाही. रेल्वेवाले म्हणत की पोलादच सदोष आहे. दोन्ही पक्षांपाशी तज्ज्ञ होते, आणि अशा वादात तज्ज्ञ आपापल्या धन्याच्या बाजूला सापडतात हा अनुभव केवळ अमेरिकेतला नव्हे. दरम्यान १९२८ मध्ये एल्मर स्पेरी यांनी रुळांतील आतल्या भेगा विजेच्या साहाय्याने हुडकणारी गाडी चालू केली. निदान कोठला रूळ धोक्याचा हे कळू लागले. परंतु भेग मुळात पडते का, हे कोडे तसेच होते.

कोडे उलगडले ते १९३० च्या दशकात. नव्या, अद्याप एकही चाक न सोसलेल्या रुळांच्या आतही केसासारख्या बारीक चिरा असतात, असे दिसून आले. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात एच. एफ. मूर यांच्या नेतृत्वाखाली आणि जर्मनीतील पोलाद-कारखान्यांत जे प्रयोग झाले, त्यांतून या चिरांचा कर्ता हायड्रोजन असल्याचे सिद्ध झाले. रसात मुद्दाम हायड्रोजन सोडला की चिरा पडत, न सोडला तर पडत नसत. कारण झीव्हर्ट्स यांच्या नियमातच दडलेले होते. रूळ गार होऊ लागला की घन पोलादाची हायड्रोजन धरण्याची शक्ती झपाट्याने ओसरते. सुटे अणू आतल्या सूक्ष्म पोकळ्यांत येऊन पुन्हा जोडीने रेणू बनतात, आणि रेणू झाल्यावर त्यांना पोलादातून वाट नसते. आता नियम उलटा वाचा. जे मुरताना वर्गमूळ होते, ते बाहेर पडताना वर्ग होते. एक वातावरण दाबाला जितका हायड्रोजन राहू शकला असता त्याच्या शंभरपट आत अडकला असेल, तर हिशेबाने पोकळीतला दाब दहा हजार वातावरणांवर जातो. प्रत्यक्षात तो इतका वाढण्यापूर्वीच पोलाद आतून फाटते. पुढे चाकांच्या लाखो ठोक्यांनी ती चीर पसरत जाते. म्हणजे दोन्ही पक्ष अर्धे खरे होते: बी कारखान्यात पडे, आणि ते वाढे रेल्वेमार्गावर.

उपाय मात्र कोडे पुरते सुटण्यापूर्वीच सापडला होता. कॅनडात नोव्हा स्कोशियातील सिडनी येथे कॅमेरॉन मॅकी यांनी तापलेले रूळ उघड्यावर न टाकता झाकणाच्या मोठ्या पेट्यांत रचून, कित्येक तास हळूहळू निवविण्याची पद्धत १९३१ च्या सुमारास बसविली. सावकाश निवताना हायड्रोजनाला बाहेर पडण्यास अवधी मिळतो. या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ती सर्वमान्य झाली, आणि अशा रुळांत त्या जातीच्या भेगा जवळजवळ नाहीशा झाल्या. लोखंडकामाच्या जाणत्यांना ‘सावकाश निववा’ हे पूर्वीपासून ठाऊक होते. का, ते मात्र आता कळले.

रुळापेक्षा कितीतरी जाड अशा वस्तूंना हा उपाय पुरेना. विजेच्या टर्बाइनचा अवजड आस निवविण्यास आठवडे लागत, आणि तरीही मध्यभागातील हायड्रोजन निघेलच याचा भरवसा नसे. १९५४ च्या डिसेंबरात शिकागोजवळील रिजलंड वीजकेंद्रात असा एक आस फिरता फिरता फुटला, आणि त्याच्या तुकड्यांत याच जातीच्या चिरा सापडल्या. त्याच दशकात जर्मनीत बोखुम येथे द्रव पोलाद निर्वात कोठीत धारेने ओतून त्यातील हायड्रोजन काढण्याची पद्धत कारखान्याच्या प्रमाणावर यशस्वी झाली. झीव्हर्ट्स यांच्या नळीत जे काही ग्रॅम धातूवर होत होते, ते शेकडो टनांवर होऊ लागले. नत्रवायूचा प्रश्न निराळ्या वाटेने सुटला. बेसेमर यांच्या हवेत चार पंचमांश नत्रवायू असे, तो पोलादात मुरे आणि ते काळानुसार ठिसूळ होई. ऑस्ट्रियात लिंत्झ येथे १९५२ मध्ये हवेऐवजी शुद्ध प्राणवायू फुंकण्यास सुरुवात झाली आणि हा दोष गेला. भारतात ही पद्धत प्रथम राउरकेला येथे आली.

ॲल्युमिनियमविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर बेळगावचे वाचक रागावतील. या धातूत हायड्रोजनावाचून दुसरा कोणताही वायू म्हणण्यासारखा विरघळत नाही. पण थिजताना त्याची हायड्रोजन धरण्याची शक्ती एकदम सुमारे विसाव्या भागावर येते. त्यातून हा धातू पाण्याचा इतका भुकेला की हवेतील वाफेलाही फोडून हायड्रोजन घेतो. पावसाळ्यात मोड तापवून कोरडी करूनच भट्टीत टाकायची, रस गरजेपेक्षा अधिक तापवायचा नाही, अधिक ढवळायचा नाही, आणि शेवटी त्यातून नत्रवायू किंवा अर्गॉन यांचे बुडबुडे सोडायचे, हे आमची मुले आज सहज करतात. त्या बुडबुड्यांत हायड्रोजनाचा दाब शून्य असतो, म्हणून रसातला हायड्रोजन त्यांत शिरून वर निघून जातो. वर्गमुळाचा नियम त्यांनी माझ्या शाळेत शिकला नाही; भट्टीवर शिकला.

आपल्या गाड्या ज्या रुळांवरून धावतात, त्यांतले बहुसंख्य भिलाईच्या कारखान्यात लाटले जातात. रुळांच्या पोलादासाठी भारतीय रेल्वेने ठरविलेल्या मानकात द्रव पोलादातील हायड्रोजनाची मर्यादा दहा लाख भागांत १.६ भाग इतकी घालून दिलेली आहे. मीटरला साठ किलो वजनाचा, तेरा मीटर लांबीचा रूळ घेतला तर त्याचे वजन ७८० किलो भरते; त्यात हायड्रोजन राहू द्यायचा तो फार तर सव्वा ग्रॅम.